पहाटेचं पोटॅशियम

त्यांना सगळे 'परतबघू काका' म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की परतबघू. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ते उगाच चिकटलेलं नव्हतं. एखाद्या रिपोर्टातला आकडा जरा जरी वेडावाकडा वाटला की काका चष्मा कपाळावर सरकवत, रक्ताचा बल्ब उजेडाकडे धरत आणि म्हणत, "परत बघू." मग तोच बल्ब पुन्हा मशीनमध्ये. वरून वॉर्डातला डॉक्टर फोनवर कितीही आदळआपट करो, काका ढिम्म हलत नसत. "साहेब, लवकर हवाय की बरोबर हवाय?" एवढं विचारून फोन ठेवून देत. बल्ब म्हणजे दिव्याचे नव्हेत हं. बोटाएवढ्या ज्या नळ्यांत रक्त काढतात, त्यांना हॉस्पिटलात सगळे बल्बच म्हणतात.

हॉस्पिटल मोठं, मेडिकल कॉलेजला जोडलेलं, आणि लॅब तळघरात. खिडक्या होत्या, पण थेट छताला लागून, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. एकतीस वर्षं काकांनी माणसं पाहिली ती अशी: खिडकीतून पाय आणि ट्रेमधून रक्त. मधला माणूस क्वचितच भेटला. "सात नंबरची बाई आज सुधारली बरं का," असं ते स्वतःशी म्हणत, आणि त्या सात नंबरच्या बाईला त्यांनी जन्मात पाहिलेलं नसे.

पूर्वी लॅबमध्ये नऊ जण होते. भांडणं होती, डबे होते, कुणाच्या तरी मुलाच्या दहावीची काळजी सगळ्यांना मिळून होती. मग मोठी मशिनं आली आणि एकेक माणूस निवृत्त होत गेला, त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. आता दिवसपाळीला दोघंच: काका आणि धाकटी टेक्निशियन. ती कामात चोख होती, स्वभावानंही वाईट नव्हती, फक्त दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून गाणी ऐकत असे. काकांनी काही विचारलं की एक बोंड काढून म्हणे, "काय म्हणालात?" तोवर काकांचा बोलायचा उत्साह संपलेला असे. "काही नाही," काका म्हणत. दिवसातून चार-पाच वेळा हा संवाद होई.

घरी तेवढाही नव्हता. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात, आपल्या संसारात. त्याचा फोन येई, "जेवलात का?" विचारी, काका "जेवलो" म्हणत, आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवत. खरं सांगायचं तर काका एकटे होते. याला दुसरा बरा शब्द शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

कॉलेजात दर वर्षी विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा एक दिवस असे. कुणी वॉर्डातल्या पेशंटवर अभ्यास केलेला, कुणी लॅबमधल्या जंतूंवर, कुणी दोन्हीकडे एकेक पाय ठेवलेला. प्रत्येकाला दहा मिनिटं बोलायला आणि पाच मिनिटं बोलणी खायला. त्याच्या आधी तीन-चार महिने पोरं तळघरात उतरत आणि एकदम गोड होत. "काका, गेल्या वर्षीचे आकडे काढून द्याल ना?" "काका, एवढे चाळीस बल्ब तेवढे लावाल ना?" काका लावत. पोरांच्या शेवटच्या पानावर आभार येत, 'लॅबमधील सर्व कर्मचारी'. काका त्या 'सर्व'मध्ये एकतीस वर्षं होते.

त्या वर्षी एक मुलगी आली. तिसऱ्या वर्षाची, किडकिडीत, पाठीवरच्या बॅगेनं मागे ओढल्यासारखी चालणारी. तिनं आल्या आल्या आकडे मागितले नाहीत. मशीनपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पोटॅशियम मोजता म्हणजे नेमकं काय करता?"

काकांना आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग त्यांनी झाकण उघडून दाखवलं. मुलीनं आणखी विचारलं. ते कशानं बनतं, हे का फिरतं, तो आवाज कसला, आकडा चुकतो कधी. अर्ध्या तासानं काकांचा घसा बसला. "तू मुलगी आहेस की प्रश्नपत्रिका?" ते म्हणाले. ती खळखळून हसली, आणि तेच तिचं नाव पडलं.

प्रश्नपत्रिकेला तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सोपा विषय दिला होता: रक्तातलं पोटॅशियम वाढलं की ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या आलेखावर, काय दिसतं. शंभर जणांनी आधी केलेला विषय. पण पोरीच्या हाती भलतंच लागलं. बायकांच्या एका वॉर्डात पहाटे काढलेल्या रक्तात दर तीन पेशंटमागे एकीचं पोटॅशियम वाढलेलं होतं, आणि ईसीजी मात्र अगदी साफ. दुपारी त्याच बाईचं रक्त काढलं की आकडा मुकाट्यानं जागेवर. मूत्रपिंडं ठणठणीत. बाकीच्या वॉर्डांत असं काही नाही. मॅडम हरखून गेल्या. झोपेचा संबंध असेल, शरीरातल्या घड्याळाचा असेल, हे अजून कुणी लिहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. पोरीनं शोधाचं नावही ठेवून टाकलं, 'पहाटेचं पोटॅशियम'.

आकडे घ्यायला ती दुपारी दीडला येई. काका तेव्हा डबा खाऊन खोलीच्या कोपऱ्यात बसलेले असत. ती स्टूल ओढून समोर बसे, थर्मासातला चहा दोघांत होई आणि आकडे बाजूला राहून भलतंच बोलणं निघे. होस्टेलवरच्या मैत्रिणी, परीक्षा, तिचे वडील तिला डॉक्टर करायला निघाले आणि स्वतः मात्र इंजेक्शन पाहून चक्कर येऊन पडतात ते. एकदा तिनं विचारलं, "काकू कशा होत्या?"

"बी पॉझिटिव्ह," काका म्हणाले.

दोघंही हसले. आणि मग सहा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते काका अर्धा तास सांगत बसले. बायको भांडली की भांडी कशी घासायची, शेवटच्या महिन्यात तिचे स्वतःचे रिपोर्ट त्यांच्याच हातून कसे जात, आणि घरी गेल्यावर "आजचा बरा आहे" असं खोटं त्यांना कसं सांगावं लागे. त्या दिवशी घरी जाताना काकांना हलकं वाटलं. सकाळी उठल्यावर दीड वाजण्याची वाट पाहावी असं पुष्कळ वर्षांनी झालं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण ते स्वतः ओळखून होते.

संशोधन-दिवसाला आठ दिवस उरले असताना पोरगी सकाळी साडेनऊलाच लॅपटॉप घेऊन खाली आली. "काका, तुमच्यासमोर एकदा बोलून बघते. मध्ये थांबवायचं नाही." ती उभी राहून बोलू लागली. काका ऐकत ऐकत बायकांच्या वॉर्डातून आलेला ट्रे रिकामा करत होते. एकेक बल्ब उचलायचा, ॲप्रनला पुसायचा, लेबल वाचायचं, पुढे ठेवायचा.

पोरगी स्वतःच मध्ये थांबली. "काका, याच वॉर्डाचे बल्ब नेहमी ओले का असतात हो?"

"गार असतात म्हणून. फ्रीजमधून येतात ना," काका कौतुकानं म्हणाले. "पहाटे चारला रक्त काढतात आणि ते खाली आणणाऱ्या मावशी येतात साडेनऊला. तोवर बाहेर ठेवलं तर रक्तातली साखर उतरत जाते. दोन वर्षांपूर्वी मीच सिस्टरना फोन करून सांगितलं, फ्रीजमध्ये ठेवत जा. दुसऱ्या वॉर्डांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण हा एक वॉर्ड बघ कसा शिस्तीचा. सगळे बल्ब..."

इथं काकांचं वाक्य थांबलं.

"बरं, आता पाचवी स्लाइड," पोरगी म्हणाली. तिला त्यात काहीच खटकलं नव्हतं. "ऐकताय ना?"

काका ऐकत नव्हते. रक्तातल्या पेशी वेगळ्या न करता ते तसंच तासन्‌तास गारठ्यात ठेवलं, की पेशींच्या आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरतं. पेशंटच्या अंगात काही वाढलेलं नसतं; वाढतं ते बल्बात. पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी लालसर दिसलं असतं आणि काकांनी तो बल्ब तिथल्या तिथे परत पाठवला असता. हे गुपचूप होतं, डोळ्यांना काही दिसत नाही. लॅबच्या कोर्समध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात. काकांना पुस्तकातलं ते पानसुद्धा आठवलं. आणि फोनवरचा तो प्रश्नही आठवला. "काका, फक्त साखरेचे बल्ब ठेवू की सगळेच?" सिस्टरनी विचारलं होतं. त्या दिवशी काम गळ्याशी आलेलं होतं. "सगळेच ठेवा हो, काय बिघडतंय?" काका म्हणाले होते.

दोन वर्षं त्यांनी त्या बल्बांवर शंभरदा 'परत बघू' केलं होतं. परत पाहिलं की आकडा तोच येई, आणि काका खात्रीनं सही करत. बल्बच खोटं बोलत असेल तर मशीन तरी काय करणार?

"कसं झालं?" पोरीनं विचारलं.

"छान," काका म्हणाले. "खूप छान झालं." ती गेल्यावर ते तिच्याच स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी बाही वर केली आणि धाकट्या टेक्निशियनपुढे हात धरला. तिनं दोन्ही बोंडं काढली. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. सुई मार. दोन बल्ब घे."

एक बल्ब त्यांनी थोड्या वेळानं फिरवून पेशी वेगळ्या केल्या आणि मशीनला लावला. दुसरा लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवून दिला आणि साडेतीनला काढला. पहिल्यात चार पूर्णांक दोन, दुसऱ्यात पाच पूर्णांक तीन. त्यांनी परत पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं. एकाच माणसाचं, एकाच शिरेतलं, एकाच वेळी काढलेलं रक्त. सकाळी तो माणूस धडधाकट आणि दुपारी पेशंट.

त्या संध्याकाळी काका चालत घरी गेले. गप्प बसणं फार सोपं होतं, हे त्यांना कळत होतं. वॉर्डाला हळूच फोन करायचा, उद्यापासून बल्ब फ्रीजमध्ये नकोत म्हणायचं. आकडे आपोआप खाली येतील. पोरीचं भाषण होईल, बक्षीसही मिळेल, मॅडम पुढच्या वर्षीही अभ्यास चालू ठेवायला लावतील. ती दीडला येत राहील. आणि सांगितलं तर? तिच्या हातातोंडाशी आलेला घास आपणच काढून घ्यायचा, वर हेही सांगायचं की तो घास आपणच नासवला होता. मग ती कशाला येतेय तळघरात! खरं तर नोकरीची, सहीची, अब्रूची भीती त्यांना फारशी वाटलीच नाही. त्यांना भीती वाटली ती त्या रिकाम्या स्टुलाची. आपण इतके खाली आलो, एका पोरीच्या अर्ध्या तासासाठी खोटं झाकायला निघालो, याचं त्यांना वाईटही वाटलं.

पण पोरीनंच सांगितलेली एक गोष्ट त्यांना सोडेना. त्या वॉर्डात एक आजी होत्या. पोटॅशियम वाढलंय म्हणून त्यांना रोज एक पावडर पाण्यातून देत, वाळू खाल्ल्यासारखी लागते म्हणत त्या. फळं बंद केली होती. ईसीजी साफ आणि अंगात ताकद असताना त्या सारख्या विचारत, "मला झालंय काय ते तरी सांगा." कुणालाच सांगता येत नव्हतं. काकांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी दीडला पोरगी स्टुलावर बसली, तिनं चहासाठी हात पुढे केला आणि काकांनी थर्मास न उघडताच सगळं सांगितलं. स्वतःच्या रक्ताचे दोन्ही आकडे पुढे ठेवले. ती हुशार होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे माझं सगळं खोटं?"

"आकडे खरे आहेत पोरी. पण ते बल्बाचे आहेत, पेशंटचे नाहीत."

"तीन महिने!" तिचा आवाज चढला, तशी धाकटीनं मान वर केली. "तीन महिने मी जीव काढतेय, आणि रोज ते बल्ब तुमच्या हातातून जात होते. हाताला गार लागत नव्हतं तुमच्या?"

"लागत होतं."

"मग?"

"मला बरं वाटायचं," काका म्हणाले. "वाटायचं, चला, कुणीतरी माझं ऐकतंय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की आणखी कशाचं, ते काकांना कळलं नाही. तिनं लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि ती जिना चढून गेली. काकांनी फोन उचलून बायकांच्या वॉर्डाला सांगितलं, "साखरेचे सोडून बाकीचे बल्ब आजपासून फ्रीजमध्ये ठेवू नका. चूक माझी आहे, मीच सांगितलं होतं. आणि पहाटे रक्त काढलं की लगेच खाली पाठवायची काहीतरी सोय करा." पलीकडे नवीन सिस्टर होती. "आपण कोण बोलताय?" तिनं विचारलं.

पोरगी पुन्हा खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी एक वेगळा ट्रे आणून ठेवला. त्यात बल्बांच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकावर पोरीच्या बारीक अक्षरात 'लगेच', म्हणजे आल्या आल्या लावायचा, आणि दुसऱ्यावर 'फ्रीज', म्हणजे साडेपाच तास गार ठेवून लावायचा; खाली काढल्याची वेळ. मॅडमनी परवानगी काढून दिली असणार, आणि पोरीनं सगळा अभ्यास नव्यानं मांडायला घेतला असणार. तीन दिवसांत चोवीस बायकांच्या जोड्या आल्या. काकांनी डोळ्यांत तेल घालून त्या लावल्या, धाकटीला हातही लावू दिला नाही. आकड्यांच्या कागदाखाली एकदा त्यांनी लिहिलं, 'तेरा नंबरची जोडी परत पाहिली. आकडा बरोबर आहे.' उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त पुढचा ट्रे आला.

संशोधनाच्या दिवशी काकांनी अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. एकतीस वर्षांत ते या सभागृहात कधी आले नव्हते. पुढे डॉक्टर मंडळी, मध्ये पोरंपोरी, मागे रिकाम्या खुर्च्या. पोरगी व्यासपीठावर आली. पडद्यावर नवं शीर्षक होतं: 'पहाटेचं पोटॅशियम: पेशंटमध्ये की बल्बमध्ये?'

फार सुरेख बोलली ती. आपल्याला आधी काय वाटलं, ते का चुकलं, जोड्यांनी काय दाखवलं, सगळं सांगितलं. त्या आजींची पावडर बंद झाल्याचंही सांगितलं. कुठे लपवाछपवी नाही. काकांचा ऊर भरून आला. शेजारी कुणी असतं तर त्यांनी कोपरानं ढोसून सांगितलं असतं, ही आमची प्रश्नपत्रिका बरं का.

मग प्रश्न सुरू झाले. मेडिसिनचे मोठे सर उठले. त्यांच्या आवाजानं भल्याभल्यांची गाळण उडे. "सगळं ठीक. पण बल्ब फ्रीजमध्ये ठेवा असं सांगितलं कोणी? दोन वर्षं चाललेली ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली? वॉर्डाच्या की लॅबच्या?"

पोरीनं माईक घट्ट धरला. "ते... नक्की कळू शकलं नाही, सर."

क्षणभर काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे मिटले. पोरीनं आपल्याला झाकलं. म्हणजे अजून काही उरलंय. आणि लगेच त्यांना कसंतरीच झालं. जी पोरगी पाच दिवस खरं बोलता यावं म्हणून राबली, तिला भर सभेत एक खोटं बोलावं लागलं, आणि तेही आपल्यामुळे. मोठे सर अजून उभेच होते. "कळू शकलं नाही की विचारलं नाही?" ते म्हणाले, आणि दोन-तीन ठिकाणी हशा झाला.

काका उभे राहिले. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मागे कोण आहे? मोठ्यानं बोला."

दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं. "मी. लॅबमध्ये काम करतो. फ्रीजमध्ये ठेवायला मी सांगितलं होतं, साखरेसाठी. सगळे बल्ब ठेवा म्हणालो, ते चुकलं. चूक सापडल्यावर मीच या मुलीला सांगितलं. तिला माहीत आहे, पण माझं नाव घ्यायला नको म्हणून ती तसं म्हणाली. तिचे मार्क कापू नका."

शंभर-दीडशे माना मागे वळलेल्या होत्या. मोठे सर काहीतरी बोलणार इतक्यात अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. "ठीक आहे. धन्यवाद. वेळ संपली. पुढचे कोण?" पुढच्या मुलानं डॉक्टरांच्या मोबाइलवर किती जंतू असतात ते सांगायला सुरुवात केली, आणि सगळ्या माना पुन्हा पुढे वळल्या. पोरगी खाली उतरून मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. काका थोडा वेळ बसले आणि फोटो सुरू व्हायच्या आत निघून आले. तिला दुसरा नंबर मिळाल्याचं त्यांना धाकटीकडून कळलं.

वरून एक पत्र आलं, खुलासा करा म्हणून. काकांनी अर्ध्या पानात खुलासा केला. मग सगळ्या वॉर्डांत फ्रीजच्या दारावर सूचना चिकटवली गेली आणि प्रकरण मिटलं. कुणी रागावलं नाही, कुणी फार विचारलंही नाही.

पोरगी मात्र आली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. ती रागावलीय, याबद्दल काकांच्या मनात शंका उरली नव्हती. साहजिकच आहे, ते म्हणत. आधी तिचा शोध घालवला आणि मग भर सभेत तिला खोटं ठरवलं. दीड वाजला की ते मनातल्या मनात तिच्याशी बोलू लागत. 'पोरी, तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मला सहन झालं नाही गं.' ती मनातल्या मनात फणकारे, 'मग आधी विचारायचं होतं मला!' काका समजूत घालत, ती ऐकत नसे, काका पुन्हा नव्यानं मांडत. असा अर्धा तास सहज जाई. कधी कधी तर थर्मासातला चहाही संपून जाई.

चौथ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, बस झालं, समोर जाऊन माफी मागायची. पोरीची ड्यूटी मुलांच्या वॉर्डात लागली होती. तीन मजले चढून ते वर गेले. ती दारातच भेटली, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कागदांचा गठ्ठा.

"अय्या, काका! तुम्ही वर कसे?"

काकांनी घोकून ठेवलेलं सगळं एका दमात सुरू केलं. "तू रागावली असशील हे मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी सभागृहात..."

"रागावले? मी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "कशाबद्दल?"

"ते... मी मध्येच उठून बोललो ते."

"अहो काका, छे! तेव्हा जरा कसंतरी झालं. त्याआधी, तुम्ही सांगितलंत त्या दिवशी रात्री रडले थोडीशी. झालं, संपलं. नंतर डोक्यात ठेवायला वेळ कुणाला आहे? इथे रोज तीस पोरं रडत असतात." ती हसली. तिच्या चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतं. इतकी वर्षं संशयास्पद आकडे पाहिलेल्या माणसाला तेवढं कळतं. "उलट बरंच झालं तुम्ही सांगितलंत. मॅडम तर म्हणतात, आता हेच छापायला पाठवू."

"मग खाली आली नाहीस ती..."

"आकडे झाले ना सगळे," ती म्हणाली. आतून कुणीतरी तिला हाक मारली. "आले! काका, येईन हं एकदा. नक्की येईन."

"ये. सवडीनं ये," काका म्हणाले.

ते जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर त्यांना थांबावं लागलं. कठड्याला धरून ते उभे राहिले. पोरगी चांगली होती, मनात काही न ठेवणारी होती, याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या रागाशी ते रोज दीड वाजता बोलत होते, आणि तो राग कधी नव्हताच. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली. वरून येणारी एक बाई त्यांच्यापाशी थांबली. "काही होतंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही, नाही," काका म्हणाले. "दम लागला जरा."

ती पुढे गेली. काकांनी घड्याळात पाहिलं, सव्वा वाजला होता, आणि ते हळूहळू खाली उतरू लागले.